हळदीच्या पाण्यासाठी अडवलेला ओढा

माझे सासरे गप्प बसले की मला धास्ती वाटते. पूर्वी उलट होतं. ते बोलायला लागले की मला धास्ती वाटायची, कारण त्यांचं बोलणं फिरून फिरून ओढ्यावर यायचं आणि एकदा ओढ्यावर आलं की तिथून हलायचं नाही. चहा गार व्हायचा, माझी वाशीची बस निघून जायची, आणि मी मनात म्हणायचे, बाबा, एक दिवस तरी तोंडाला कुलूप लावा. आता ते कधी कुलूप लावतात तेव्हा मी हातातलं काम टाकून बघायला जाते. बहुतेक वेळा ते नुसते पेपर वाचत असतात.

माझं माहेर वाशीचं. वडील मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि नाही आलं तर टँकरनं येतं ते, एवढीच माझी पाण्याशी ओळख. पोहणं सोडाच, गळ्यापर्यंत पाण्यात मी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. कॉलेजात जमलं आणि लग्न करून मी खारघरच्या मागं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या आगरी गावात आले. दोन्ही घरांनी आधी तोंडं वाकडी केली, मग नात झाल्यावर सरळ केली. मी अजून वाशीच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, आणि सासरे अजून ओढ्यावर जातात.

हा ओढा डोंगरातून उतरतो, गावाला वळसा घालतो आणि पुढं मोठ्या रस्त्याखालच्या मोरीतून खाडीला मिळतो. पावसाळ्यात दांडगाई करतो, दिवाळीनंतर शहाण्यासारखा वाहतो. गावाच्या वरच्या अंगाला त्याच्यावर आमचा बंधारा आहे. बंधारा म्हटल्यावर कोणी धरण डोळ्यांसमोर आणू नये. दोन काठांना दोन आणि मधोमध एक असे तीन दगडी खांब, त्यांच्यामध्ये दाराएवढ्या रुंदीचे दोन गाळे, आणि खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत लाकडी फळ्या एकावर एक सोडायच्या, फटी चिखलानं आणि पेंढ्यानं बुजवायच्या. मग ओढा अडतो, फुगतो आणि बाजूच्या पाटानं मळ्यात जातो. मळा तरी काय, गावाची शेतं शहराच्या पोटात गेली आणि त्यांच्यावर टॉवर उभे राहिले. डोंगराला चिकटलेली एक पट्टी कुणालाच नको होती, म्हणून ती आमच्याकडे राहिली. तिच्यात सासरे मुळा, माठ, वाल, तोंडली घेतात आणि सासूबाई ते टॉवरच्या गेटवर विकतात.

फळ्या ऐनाच्या लाकडाच्या, सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेल्या. प्रत्येकीला दोन्ही टोकांना लोखंडी कडी. कडीत दोर ओवायचा, लोखंडी आकड्यानं एक टोक उचलायचं, मग दुसरं, आणि फळी वाहून जाण्याआधी काठावर ओढून घ्यायची. पावसाळाभर त्या आमच्या ओटीवर पडून असतात आणि सासरे त्यांना तेल पाजतात. मला लग्नात साडी घेतली तेव्हा त्यांनी रंगसुद्धा बघितला नव्हता. फळ्यांचं तेल मात्र वास घेऊन आणतात.

आता फळ्या काढायच्या कधी? कोणीही म्हणेल, पावसाच्या आधी. आमच्या गावात म्हणतात, शेवटचं लग्न लागल्यावर. कारण हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या आंघोळीचं पाणी या बंधाऱ्यातलंच लागतं. बायका डोक्यावर हंडे घेऊन वाजतगाजत येतात, पुढं धवलारीण असते. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई. आगऱ्यांच्या लग्नात तिचा मान भटजीच्याही आधी. ती पाण्याला हळदकुंकू वाहते, दोन ओळी गाते, मग हंडे भरायचे. त्यामुळं गावात एक जरी हळद बाकी असली तरी फळीला कोणी हात लावत नसे. पूर्वी हे बरोबर जमायचं. लग्नं आधी संपायची, पाऊस मागून यायचा. मग हॉलच्या तारखा मिळेनात, मुलांना सुट्ट्या मिळेनात, आणि लग्नं मेच्या अखेरीला सरकली. पाऊस दुसऱ्या बाजूनं पुढं सरकत होता. दोघं एकमेकांच्या अंगावर येतायत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या वर्षीचं शेवटचं लग्न आमच्या लेकीचं होतं.

मी आठवडाभर आधी म्हटलं होतं, बाबा, आभाळाचं काही खरं नाही, हंडा भरून ठेवू आणि फळ्या काढून घ्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नातीला भाड्याची साडी नेसवा म्हटलं. "साठवलेलं पानी शिलं," ते म्हणाले. "नातीच्या अंगावर शिलं पानी घालू?" मग मी विषय सोडला. मांडव, आहेर, पाहुणे, जेवण, माझ्यापुढं काय कमी टेन्शन होतं!

मांडव घातला होता ओढ्याकाठच्या मैदानात. गावात तेवढीच मोकळी जागा उरली आहे, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. दुपारपासूनच डीजे सुरू झाला होता आणि छातीत धडधडायला लागलं होतं. सासरे जेवून ओढ्यावर गेले होते, हंडे भरायच्या जागेवरचं शेवाळ आणि वेफर्सची पाकिटं काढायला. उन्हं कलली तरी परत आले नाहीत. त्यांचा इस्त्री केलेला पांढरा शर्ट हँगरला लटकत होता. माझा नवरा डीजेवाल्याबरोबर वायरी ओढत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "जातायत कुठं, ओढ्यावरच असतील."

नवरीच्या आईनं मांडव सोडू नये म्हणतात. मी सोडला. अंगावर पिवळी साडी, दोन्ही हातांत हिरवा चुडा, डोक्यात गजरा, आणि डोक्यात रागही. आज तरी यांना वेळेवर शर्ट घालता येऊ नये का?

ते मधल्या खांबावर उभे होते. काठापासून तिथपर्यंत एक लांब फरशी टाकलेली आहे, तिच्यावरून जाता येतं. त्यांचं तोंड डोंगराकडे होतं. मी हाक मारली, त्यांनी वळूनही बघितलं नाही. मग मीही डोंगराकडे बघितलं. गावात लख्ख ऊन होतं, थेंब नव्हता, वारासुद्धा नव्हता, आणि वर डोंगराचा माथा दिसतच नव्हता. तिथं सगळं काळं झालं होतं. गडगडत असणारच, पण डीजेच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार?

मी खाली पाणी बघितलं. अडवलेलं पाणी एरवी हिरवं, थंड, हलत नसतं. ते लाल झालं होतं. त्याच्यावरून सुकलेली पानं येत होती, एकदोन नव्हे, थवेच्या थवे, मग फेस आला, मग कुणाची तरी निळी चप्पल आली आणि फळ्यांना लागून गोल फिरत राहिली. त्या चपलेकडे बघून मी पहिल्यांदा भ्याले. का ते सांगता येणार नाही. वर कुणाचा तरी पाय असेल असं वाटलं.

"डोंगरात पाऊस परतंय," सासरे म्हणाले. "पानी आयलं."

एका गाळ्यातल्या वरच्या दोन फळ्या त्यांनी काढून काठावर टाकल्या होत्या. तिसरी, सगळ्यात खालची, फुगून खाचेत घट्ट बसली होती. मी म्हटलं, बाबा, चला इथून, मी ह्यांना बोलावते, पोरांना आणते. ते म्हणाले, "तवर बांध फुटंल. फुटला त पानी शिरल मांडवात. वायरी हायत जमिनीवर." आणि मी पुढं काही म्हणायच्या आत ते पहार घेऊन पाण्यात उतरले, वरच्या बाजूला, मधल्या खांबाला लागून. पाणी त्यांच्या कमरेला लागलं. पासष्टी उलटलेला माणूस, पण पहार अशी घातली की फळीचं टोक करकरत उचललं गेलं. खालून पाणी फसकन सुटलं. मग त्यांचं अंग एकदम तिरकं झालं. फळी परत खाली बसली आणि ते हलेनात.

"काय झालं?"

"पाय."

एवढंच म्हणाले. ज्या माणसाला मुळ्याच्या भाजीवर अर्धा तास बोलता येतं, तो एक शब्द बोलला. फळीखालच्या फटीत पाण्यानं पाय ओढून नेला होता आणि फळी त्याच्यावर बसली होती. मी खांबावर पालथी पडले, त्यांचा हात धरला आणि ओढलं. जीव खाऊन ओढलं. त्यांच्या तोंडातून असा आवाज आला की मी ओढायची थांबले. त्यांनी पहारीनं फळी उचलायचा प्रयत्न केला, पण पाण्याचा सगळा भार फळीवर होता. ती जरासुद्धा हलली नाही.

पाणी त्यांच्या बरगड्यांपर्यंत आलं होतं.

मी नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. नणंदेला लावला, दिराला लावला. सगळ्यांचे फोन खिशांत, पर्समध्ये वाजत असणार आणि सगळे नाचत असणार. मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पलीकडे टॉवर आहे, त्याच्या वरच्या एका बाल्कनीत एक बाई कपडे काढत होती. मी दोन्ही हात हलवले, ओरडले, पदर काढून हलवला. तिनं बघितलं. तिनं हसून हात हलवला, आणि कपडे घेऊन आत गेली. पिवळी साडी, खाली डीजे, हळदीची बाई, तिला दुसरं काय वाटणार! तिचा मला अजून राग येतो. तिची काही चूक नाही, तरी येतो.

मी परत पालथी पडून त्यांचा हात धरला. पाणी छातीला लागलं होतं. वर आभाळ निळं होतं आणि पाणी वाढत होतं. त्याला आवाज नव्हता, घाई नव्हती, नुसतं वाढत होतं. मला रडू फुटलं. मी म्हणत होते, बाबा, काही होणार नाही, बाबा, काही होणार नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि मला समजत होतं की ते मला धीर देणारं काहीतरी शोधतायत.

"बाय," ते म्हणाले, "हात सोर. घरा जा. कुनाला तरी घेऊन ये."

मांडवापर्यंत जायचं, त्या आवाजात कुणाला तरी समजावायचं आणि परत यायचं. तेवढ्यात काय होईल ते त्यांना कळत होतं आणि मलाही. त्यांना मला तिथून घालवायचं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी हात सोडवून घ्यायला बघितलं, मी आणखी घट्ट धरला. मग त्यांनी मला शिवी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आगरीत दिली, आणि त्यात माझे साताऱ्याचे वाडवडीलही आले.

त्या शिवीनं मी भानावर आले असेन. मला पलीकडचा गाळा दिसला. मधल्या खांबाच्या या बाजूला ते, आणि त्या बाजूला दुसरा गाळा, पूर्ण बंद. तो उघडला तर पाणी उतरेल. मी म्हटलं, बाबा, मी फळ्या काढते. दरवर्षी काठावर बसून बघितलेलं होतं, हात कधी लावला नव्हता. त्यांनी खांबावर ठेवलेल्या आकड्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "दोर नको. एक टोक उचल आनि सोर. जाव दे वाहून."

ऐनाच्या फळ्या. त्यांच्या बापाच्या.

"आनि मागारी बगू नको," ते म्हणाले. "मी हितं वाजवतंय. ही वाजतंय तवर मी हाय."

त्यांनी हातातली पहार खांबाच्या दगडावर मारली. ठण. मी त्यांचा हात सोडला. हे लिहायला एक वाक्य लागलं. माझी बोटं मीच एकेक करून उघडली, आणि सुटलेला तो हात पाण्याकडे गेला.

मी त्यांच्याकडे पाठ करून खांबावर उभी राहिले. डीजेपुढं पहारीचा आवाज कानाला येत नव्हता, पण पायाला येत होता. मी अनवाणी होते, चपला कधी गेल्या ठाऊक नाही. तळव्यांत दगड ठणकत होता. ठण. ठण. मी आकडा कडीत घातला आणि उचललं. काही नाही. पुन्हा. फळीचं टोक बोटभर वर आलं आणि परत बसलं. फटीत पेंढा होता, तो मी नखांनी उपसला. आकडा पुन्हा घातला, पाय खांबाला रोवले आणि तोंडाला येईल ते बडबडत उचललं. फळी खाचेतून सुटली, पाण्यानं तिला एका दणक्यात ओढून खाली फेकली, आणि माझा हात दगडावर आपटला. बांगड्या गेल्या. हळदीच्या दिवशी नवरीच्या आईचा चुडा. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं असतं, आणि माझ्या तर दोन्ही हातांच्या वाढल्या होत्या. मी अपशकुन मानत नाही असं मी दवाखान्यात सगळ्यांना सांगते. त्या वेळी मी सगळं मानलं. जेवढे देव ठाऊक होते, माहेरचे, सासरचे, तेवढ्यांना हाका मारल्या.

ठण. ठण. पायाखाली चालू होतं.

दुसरी फळी अजून खोल होती. आता मला गुडघ्यांवर बसून हात पाण्यात घालावा लागला. पाणी गार होतं, डोंगरातलं. कडी चाचपडताना हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं आणि मी किंचाळले, पण हात काढला नाही. कडी सापडली. आकडा लागला. उचललं. या वेळी पाणीच मदतीला आलं, पहिल्या फळीच्या जागेतून ते आधीच धावत होतं. दुसरी गेली. मोठा लोंढा सुटला, खांब थरथरला. मला वाटलं उतरलं पाणी, आता उतरेल.

आणि पायाखालचा दगड गप्प झाला.

मी वाट बघितली. दगड थरथरत होता, पण ते पाणी होतं, पहार नव्हती. मी खांबावर तळवे टेकले, मग कान टेकला. काही नाही. मांडवात गाणं बदललं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागं बघू नको म्हणाले होते. मागं बघितलं आणि ते नसले तर? माझ्या पाठीमागं चार हातांवर ते होते किंवा नव्हते, आणि मला मान वळवता येत नव्हती. इतकी भीती मी त्याच्या आधी जाणली नव्हती आणि नंतरही नाही. बाळंतपणातसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी परत त्यांच्याकडेच गेले असते, आणि गाळा अर्धाच राहिला असता.

मी बघितलं नाही. तिसऱ्या फळीसाठी मी पाण्यात उतरले. मी, जिला पोहता येत नाही. एक हात काठाच्या खांबाच्या खाचेत, एका हातात आकडा, तोंडात लाल पाणी. ती कशी निघाली ते मला आठवत नाही. निघाली एवढं खरं, कारण एकदम माझ्या गळ्याचं पाणी छातीला आलं, मग कमरेला, आणि ओढा दोन्ही गाळ्यांतून गर्जत जायला लागला.

मग मागं बघितलं.

ते होते. मान मागं टाकलेली, हनुवटी आभाळाकडे, तोंड उघडं, आणि डोळे मिटलेले. पाणी त्यांच्या गळ्यावरून उतरत होतं. मी "बाबा" म्हटलं. डोळे उघडले. "पहार परली," ते म्हणाले. माझा जीव गेला होता, आणि हा माणूस मला पहार पडल्याचं सांगत होता! मी खांबावर डोकं टेकून त्यांना शिव्या घातल्या. साताऱ्याच्या. त्या त्यांना समजल्या नसतील, पण त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात डीजे थांबला, बेंजोचा ताफा वाजायला लागला आणि त्याचा आवाज जवळ जवळ यायला लागला. बायका पाणी भरायला येत होत्या. पुढं धवलारीण, मागं डोक्यावर हंडे घेतलेल्या माझ्या जावा, नणंदा, सासूबाई, मागं बाप्ये. वळणावर आल्या आणि बेंजो एकेक वाद्य करत बंद पडला. माझ्या नवऱ्यानं कपड्यांसकट पाण्यात उडी टाकली. चार जणांनी मिळून फळी उचलली आणि बाबांना काठावर आणलं. पायाची दोन बोटं चेचली होती, पुढं दवाखान्यात ती काढावी लागली. सासूबाईंनी डोक्यावरचा हंडा खाली ठेवला, नवऱ्याजवळ बसल्या आणि त्यांच्या पाठीत बुक्क्या मारायला लागल्या. मारत होत्या आणि रडत होत्या. त्यांना कोणी थांबवलं नाही.

बंधाऱ्यात पाणी उरलं नव्हतं. ज्याच्यासाठी फळ्या ठेवल्या होत्या ते सगळं, मांडवात न शिरता, खाली वाहून गेलं होतं. लाल ओढा तेवढा धावत होता. बायका हंडे घेऊन नुसत्या उभ्या होत्या. धवलारणीनं एकदा ओढ्याकडे, एकदा सासऱ्यांकडे बघितलं. सासरे काठावर पडल्या पडल्या म्हणाले, "भरा. ताजं हाय."

त्याच गढूळ पाण्यानं माझ्या लेकीनं हळदीची आंघोळ केली. तिला काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. आजोबा कुठंत विचारलं तर, पाय मुरगळला, डॉक्टरकडे गेलेत. मी कोरडी साडी नेसले, सासूबाईंनी स्वतःच्या हातातल्या चार बांगड्या काढून माझ्या हातांत चढवल्या, आणि मी मांडवात जाऊन नाचले. नवरीच्या आईला नाचावंच लागतं. लोक म्हणत होते, काय नाचतेय बघा. डीजेचा दणका तळव्यांत यायचा आणि मधे गाणं थांबलं की मीच पाय आपटत राहायचे. फोटोत मी हसते आहे. लेकीला ते फोटो फार आवडतात.

तेव्हापासून हे असं आहे. घरात काही शांत झालं की मी उठते. मिक्सर थांबला, टीव्ही बंद झाला, की माझं लक्ष सासऱ्यांच्या खोलीकडे. मी कुणाला काही बोलले नाही, सांगणार काय, वय झालं का वेड लागलं म्हणतील. पण एक दिवस ते आंघोळीला गेले आणि मी स्वयंपाकघरात उभी होते तेव्हा आतून आवाज आला. तांब्या बादलीवर वाजवल्याचा. ठण. थोडं थांबून पुन्हा. मला वाटलं काही हवंय. दारापाशी जाऊन विचारलं, बाबा, काय पाहिजे? आतून म्हणाले, "काय नको." आणि पुन्हा वाजवलं. आता रोज वाजवतात. सासूबाई विचारतात, हे काय नवीन खूळ? ते सांगत नाहीत, मीही नाही.

यंदा गावात शेवटच्या लग्नाची वाट कुणी बघितली नाही. धवलारीण स्वतःच घरोघर सांगून आली, हंडे आधी भरून ठेवा, मी त्याला शिळं म्हणणार नाही. फळ्या काढायला मी आणि माझा नवरा गेलो. तीन फळ्या नव्या आहेत, वाहून गेलेल्या जुन्या मोरीपाशीसुद्धा सापडल्या नाहीत. सासरे काठी टेकत आले आणि काठावर बसले. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत, डोंगर स्वच्छ, पान हलत नव्हतं. मी पहार हातात घेऊन मधल्या खांबाला लागून उतरले, कारण नवऱ्याला वरून आकडा धरायचा होता.

सासरे एक शब्द बोलत नव्हते. फळी अशी धर, चिखल आधी काढ, काही नाही. मी वर बघितलं. त्यांनी दोन्ही मुठींत काठावरचं गवत घट्ट धरलं होतं आणि ते माझ्या पायांकडे, पाण्याखाली दिसत नव्हते तिथं, बघत होते. ओठ पांढरे पडले होते. त्या दिवशी गळ्यापर्यंत पाणी आलं तेव्हाही त्यांचं तोंड असं झालं नव्हतं.

मी पहार खांबावर मारली. ठण. त्यांनी मान वर केली. मी पुन्हा मारली, मग एका हातानं मारत राहिले आणि दुसऱ्या हातानं फळीला रेटा देत राहिले. काम फार हळू होत होतं. नवरा वैतागून म्हणाला, अगं दोन्ही हात लाव ना. मी लावले नाहीत.